जळगाव की जयगाव?

मला माहितीये, तुम्ही बरेच जण लोकलमध्ये नाहीतर बसमध्ये उभ्या-उभ्या वाचता.

आज पाहुणा वगैरे कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. विषय बऱ्याच दिवसांपासून पोटात होता. मोठ्या शहरात येताना आपण सोबत काय घेऊन येतो आणि त्यातलं काय स्टेशनवरच टाकून देतो, असं काहीसं. पण एवढं मोठं बोलायला मी काही प्राध्यापक नाही. मी एका अक्षरापासून सुरुवात करतो. ते अक्षर म्हणजे ळ.

माझं गाव पारोळा तालुक्यात. सुरत-नागपूर हायवेला उभं राहिलं की एका हाताला जळगाव, दुसऱ्या हाताला धुळे. आता हे मी तुम्हाला नीट म्हणून दाखवलं. घरी मी असं म्हणत नाही. घरी जळगावचं जयगाव होतं, धुळ्याचं धुये होतं. केळीची केयी, शाळेची शाया, डोळ्याचा डोया, काळजीची कायजी. म्हणजे मी माझ्या जिल्ह्याचं नाव बावीस वर्षं चुकीचं घेत होतो, आणि हे मला पुण्यात आल्यावर कळलं.

२०१६ साली मी आलो. अमळनेरच्या प्रताप कॉलेजातून बी.एस्सी. केलेली, पुढे काय ते ठरलेलं नाही. रात्री नऊला हायवेवर ट्रॅव्हल्सला हात दाखवायचा, धुळे, मालेगाव, मनमाड करत झोपायचं आणि पहाटे पुण्यात डोळे चोळत उतरायचं. आपल्याकडच्या निम्म्या पोरांची हीच गोष्ट असते. उरलेले निम्मे सुरतला जातात. उधना, लिंबायत या भागांत तर गुजराती यायच्या आधी अहिराणी कानावर पडते. माझा मामेभाऊ सुरतला गेला. मी पुण्यात, कारण मला बोलायला आवडायचं.

हो, हीच आवड. लहानपणी आजोबांच्या रेडिओवर आकाशवाणी जळगाव लागायचं. बाजारभाव सांगणाऱ्याची मी नक्कल करायचो. गॅदरिंगला निवेदन माझंच, गणपतीत माईक माझाच. आवाज चांगला आहे, असं सगळे म्हणायचे. आवाजाच्या जोरावर पुण्यात काम मिळेल असं वाटलं आणि ते मिळालंही. एका कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात, मराठी-हिंदी व्हॉइस प्रोसेस. फोन घ्यायचे आणि लोकांच्या मोबाईलच्या तक्रारी ऐकायच्या. रेडिओ नाही, पण हेडफोन आणि माईक तर आहे, अशी मी मनाची समजूत घातली.

ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला वाचायला एक वाक्य दिलं: 'बाळाने सोळा वेळा पिवळी केळी सोलली.' माझी पाळी आली. मी काय वाचलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. अख्खी बॅच हसली. त्यात वाईट हेतू कोणाचा नव्हता, मीही हसलो. पण त्या रात्री रूमवर बाथरूमचा नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, मी अर्धा तास ळ म्हणत होतो. जीभ मागे वळवून टाळूला लावायची. नळ, मळ, गळ. लहान पोरासारखा. तीन आठवड्यांत जमलं. मग इतकं जमलं की झोपेतसुद्धा ळ यायला लागला.

इथे जरा थांबतो. 'मग काय झालं, शुद्ध बोलायला शिकलास ना,' असं म्हणणारे आहेत, त्यांना थोडं सांगायचंय. ही चूक नाही. ही एक वेगळी बोली आहे, आणि तिचे स्वतःचे नियम आहेत. मराठीत 'आहे', अहिराणीत 'शे'. 'काय करतोयस'ला 'काय करी ऱ्हायना'. 'माझी आई' म्हणजे 'मनी माय'. ग्रियर्सन नावाच्या आयरिश अधिकाऱ्याने भारतातल्या भाषांची मोठी पाहणी केली होती. त्याने मराठीचा खंड १९०५ मध्ये काढला आणि खान्देशीला त्यात घेतलंच नाही. तिला १९०७ च्या वेगळ्या भागात, भिल्ली बोलींसोबत बसवलं. त्याचं बरोबर की चूक, हा वाद अजून चालू आहे. मला त्यात पडायचं नाही. २०११ च्या जनगणनेतसुद्धा खान्देशी अशी वेगळी नोंद आहे, सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची. आमच्या घरी मातृभाषा विचारली तेव्हा वडिलांनी मराठी सांगितलं होतं. म्हणजे त्या आकड्यात आम्ही नाही.

आणि खान्देश म्हणजे एकच बोली, असंही नाही. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली आहे, तांड्यांवर गोर बोली आहे, सातपुड्यात पावरा आणि भिल्लांच्या बोली आहेत. ळचा य मात्र अहिराणीत आहे आणि लेवा बोलीतही आहे. म्हणजे ज्या उच्चाराला माझी बॅच हसली, तोच बहिणाबाईंचा उच्चार. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी, ज्यांची कविता त्याच बॅचमधल्या प्रत्येकाने शाळेत पाठ केली होती. पुस्तकात छापला की तो गोडवा, आणि माझ्या तोंडातून आला की मार्क कट. याचा राग मला खूप उशिरा आला. तेव्हा नुसती लाज वाटायची.

माझा एक रूममेट कोल्हापूरचा होता. तो ऑफिसात, मेसमध्ये, घरमालकासमोर सगळीकडे कोल्हापुरीच बोलायचा. त्याला कोणी हसलं तर हसणाराच गार व्हायचा. मला वाटायचं हा फरक स्वभावाचा. आता वाटतं, थोडा स्वभावाचा आणि बराचसा सवयीचा. लोकांनी कोल्हापुरी बोली सिनेमात ऐकलेली असते. मालवणीचंही तेच. १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळींनी मुंबईच्या रंगभूमीवर आणलं आणि गिरगाव-दादरच्या लोकांना मालवणी कळायला लागली. अहिराणीला असा रंगमंच तेव्हा मिळाला नाही. तिला मिळाला मोबाईल. 'हाई झुमका वाली पोर' पुण्याच्या लग्नात डीजेवर वाजतं आणि ज्यांना एक शब्द कळत नाही तेही नाचतात. मी तेव्हा मुद्दाम बाजूला उभा राहून बघतो. सांगत नाही कोणाला की मला सगळं कळतंय. उगाच.

संजू राठोडचं उदाहरण तुम्हाला ठाऊकच आहे. जळगाव जिल्ह्यातल्या धानवड तांड्याचा पोरगा, संगीत भाऊ गौरव करतो, आणि २०२४ मध्ये 'गुलाबी साडी' कुठल्या कुठे गेली. लोक म्हणतात बघा, गावाकडचा असून केवढा मोठा झाला. 'असून' हा शब्द मला खटकतो. घरातल्या घरात, भावाभावांनी मिळून गाणं जमवायचं, हे गावाकडचंच आहे की. फक्त हेही खरं, की असा एक वर येतो तेव्हा त्याच रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून उतरलेले पन्नास जण हिंजवडीत, भोसरीत शिफ्ट करत असतात. मी त्या पन्नासांतला आहे, म्हणून मला त्या पन्नासांचं बोलायचंय.

२०१८ ची गोष्ट. दुपारचा फोन. पलीकडे एक म्हातारे बाबा, आवाज चढलेला. रिचार्जचे पैसे कापले गेले होते आणि नंबर बंद. मी ठरलेल्या मराठीत विचारतोय, 'आपली अडचण मला समजली आहे, कृपया आपला नोंदणीकृत क्रमांक सांगाल का?' त्यांना ते कळतच नव्हतं. ते परत परत एकच सांगत होते, 'मना पोऱ्याना फोन लागी नही ऱ्हायना.' पोरगा सुरतला. चार दिवस त्याचा फोन नाही आणि बाबांना वाटतंय काहीतरी झालंय. त्यांना पैसे नको होते, त्यांना पोराचा आवाज पाहिजे होता. आणि मी नोंदणीकृत क्रमांक मागतोय.

मी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणालो, 'बाबा, कायजी करू नका. मी दखस.'

दोन सेकंद शांतता. मग ते म्हणाले, 'तू आपलाच शे का रे भाऊ?'

चार मिनिटांत काम झालं. नंबर चालू झाला. बाबांनी माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं, पाऊस विचारला. मी सगळं सांगितलं, जे सांगायचं नसतं. आठवडाभराने त्या कॉलची तपासणी झाली. शेरा आला, भाषा अव्यावसायिक. त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला.

आता इथे मी तुम्हाला असं सांगायला पाहिजे की मी उठलो, भांडलो, राजीनामा फेकला. तसं काही नाही. मी सॉरी म्हणालो. पुढची तीन वर्षं तिथेच काम केलं आणि परत कधी कुठल्या कॉलवर अहिराणी बोललो नाही. खोलीचं भाडं होतं, घरी कापसाला भाव नव्हता. ज्यांना भाडं भरायचं नसतं त्यांना बाणेदारपणा स्वस्त पडतो, असं माझं मत आहे.

पण नुकसान कुठे झालं, ते कॉलवर झालं नाही. ते घरच्या फोनवर झालं.

माझी आजी. घरात आम्ही सगळे तिला बाई म्हणायचो. रोज रात्री आठला तिचा फोन. 'जेवण व्हयनं का? तब्येत बरी शे ना? कवय येशी?' प्रश्न तेच, क्रम तोच. आठला रूमवर सगळे असायचे. मी तिच्याशी पुण्याच्या मराठीत बोलायला लागलो. आधी रूममेट ऐकतील म्हणून, नंतर सवयीने. एकदा ती म्हणाली, 'शायेना मास्तरसारखा काय बोली ऱ्हायना रे?' मी हसून टाळलं.

बाईकडे गाणी होती. आखाजीची. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे ती दिवाळीच्या तोडीची. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पितरांसाठी घागर भरतात. खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस. बाई झोक्याजवळ बसून गायची आणि बाकीच्या बाया तिच्या मागून म्हणायच्या. ती कधी शाळेत गेली नव्हती. किती गाणी येतात विचारलं तर म्हणायची, मोजली नाहीत.

मी दरवर्षी ठरवायचो, यंदा आखाजीला जाऊन सगळी रेकॉर्ड करायची. एवढा माईकचा शौक असलेला माणूस, घरात खाण आहे हे कळत होतं. २०१९ ला सुट्टी मिळाली नाही. २०२० ची आखाजी २६ एप्रिलला आली, तेव्हा लॉकडाऊन. आम्ही चौघे खोलीत अडकलेलो. २०२१ च्या फेब्रुवारीत बाईला लकवा मारला. वाचा गेली. दिवाळीच्या आधी ती गेली.

नंतर एकदा मोबाईलची जागा भरली म्हणून मी फाईली पुसत बसलो होतो. त्यात एक फोल्डर सापडलं. माझ्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होण्याचं सेटिंग चालू होतं आणि मला पत्ताच नव्हता. बाईचे चाळीस-बेचाळीस कॉल होते. मी एक एक ऐकले. तिचे तेच तीन प्रश्न, माझी तीच तीन उत्तरं. आणि २६ एप्रिल २०२० चा कॉल. ती म्हणते, आज झोका बांधला नाही, सगळ्या बाया घरातच बसल्यात, मला एकटीलाच म्हणावंसं वाटतंय. आणि ती गायला लागते. अकरा सेकंद. मग माझा आवाज येतो, अगदी स्पष्ट, सगळे ळ जागच्या जागी: 'बाई, थोड्या वेळाने बोलतो, मीटिंग आहे.'

मीटिंग होती की नव्हती, आता आठवत नाही. बहुतेक नव्हती.

त्या अकरा सेकंदांत दोन ओळीसुद्धा पूर्ण होत नाहीत. मी ती क्लिप घेऊन गावी गेलो. आईला ऐकवली, दोन्ही आत्यांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना. प्रत्येकीने पुढची ओळ वेगळी सांगितली. एक आत्या म्हणे हे झोक्याचं नव्हेच, जात्यावरचं. धाकटी आत्या म्हणे, बाई ऐन वेळी मनाने जोडायची, पुढचं तिलाच ठाऊक. गाणं काही पूर्ण झालं नाही. अजून झालेलं नाही.

तेव्हा मला सोपानदेव चौधरींची आठवण झाली. शाळेत धडा असतो तेव्हा आपण बहिणाबाई लक्षात ठेवतो आणि पोराचं नाव विसरतो. त्या काम करता करता रचत होत्या, म्हणत होत्या, लिहिता-वाचता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने जमेल तसं ते कागदावर उतरवलं. १९५१ च्या डिसेंबरमध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. सोपानदेव स्वतः कवी होते, नाव असलेले. आईची बोली वेगळी आहे, लोक हसतील, असं त्यांच्या मनात आलं असतं तर? आलं असेलही, कोणास ठाऊक. पण वही होती.

आणि धुळ्याचं एक सांगतो, कारण तुम्ही आत्ता जे वाचताय त्याच्याशी त्याचा संबंध आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. अठरा रविवार, अठरा अध्याय. त्याच तुरुंगात साने गुरुजी होते. ते समोर बसून भरभर लिहून घ्यायचे. त्याचंच पुढे 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. म्हणजे बोललेलं ऐकायचं आणि शब्दशः उतरवायचं, हे आपल्याकडे धुळ्यात मोबाईलच्या कितीतरी आधी होऊन गेलंय. आमच्या ब्लॉगवर जी मंडळी हे भाग टाईप करतात, त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, गुरुजींना निदान पॉज करता येत नव्हतं म्हणून बोलणारा सावकाश बोलत असेल. माझ्याबद्दलची तक्रार आहे ती.

'कोसला'चं बोललो नाही तर कमेंटमध्ये तुम्ही मला सोडणार नाही. तर हो. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, १९६३ मध्ये पंचविशीत त्यांनी ती लिहिली. सांगवीकर पुण्याला येतो, होस्टेल, मेस, उधारी, बापाचे पैसे, आणि शेवटी गावी परत. मी तेविसाव्या वर्षी वाचली आणि वाटलं, हे तर माझंच. आता परत वाचली तेव्हा लक्षात आलं, माझं त्यातलं निम्मंच आहे. सांगवीकरला निदान परत जायला बापाची जमीनजुमला आहे. आमच्याकडे चार एकर कोरडवाहू, त्यात दोन भाऊ. परत जायचं की नाही, हा प्रश्न सगळ्यांना सारखा पडत नाही.

मी परत गेलेलो नाही. ती नोकरी २०२१ च्या शेवटी सोडली, तीही बाणेदारपणाने नाही, दुसरीकडे पगार बरा होता म्हणून. आता पिंपरी-चिंचवडमध्ये राहतो. आमच्या भागात खान्देशी मंडळी भरपूर. डिसेंबरात गावाकडून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून बामणोदची वांगी येतात, कळण्याचं पीठ येतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही गच्चीवर खऱ्या पद्धतीचं भरीत करायचं ठरवलं, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या जाळावर. काड्यासुद्धा डिकीतूनच आल्या. धूर झाला, सोसायटीच्या ग्रुपवर आग लागल्याचा मेसेज पडला, वॉचमन बादली घेऊन वर आला. तो निघाला साक्रीचा. बादली बाजूला ठेवून जेवायला बसला. पुढच्या वर्षीपासून गॅसवर करतो, चव लागत नाही.

त्याच गच्चीवर मी रेकॉर्डिंग सुरू केलं. पोरं-सुना पुण्यात म्हणून इथे येऊन राहिलेल्या म्हाताऱ्या बाया आहेत ना, फ्लॅटमध्ये दिवसभर एकट्या, नातवंडं त्यांच्याशी इंग्लिश-मराठीत बोलतात. त्या संध्याकाळी खाली बाकावर बसतात. पहिल्या महिन्यात कोणी तोंड उघडलं नाही. आम्हाला काय येतं, असं म्हणायच्या. मी शुद्ध बोलत होतो म्हणून. एका दिवशी न ठरवता तोंडातून 'कायजी' निघालं आणि मग एकेक जण सुरू झाली. आत्तापर्यंत तेवीस गाणी झाली. काही पूर्ण, काही अर्धी, काहींमध्ये मागे कुकरच्या शिट्ट्या. आवाजाचा दर्जा बघाल तर माझी जुनी तपासणीवाली मंडळी शून्य मार्क देतील.

ळ मला आता दोन्ही प्रकारे येतो. ऑफिसात ळ, बाकावर य. कधी कधी गडबड होते, परवा बॉसला 'फाईल मियाली' असं लिहून पाठवलं. त्याने अंगठा दाखवला.

यंदा आखाजीला गेलो होतो. बाईच्या नावाची घागर भरली. संध्याकाळी आईला निंबाखाली बसवलं, फोन समोर वीट लावून उभा केला आणि लाल बटण दाबलं. तिने पदर सारखा केला, गाणं सुरू करायच्या आधी फोनकडे वाकून पाहिलं आणि म्हणाली, 'आते चालू व्हयनं का रे?' मग पाच मिनिटं गाणं आहे. एडिट करताना ते वाक्य मी कापलेलं नाही.

फाईल खाली जोडतोय. निंबावर कावळे फार होते, तेवढं सांभाळून घ्या. आणि बाईची अकरा सेकंदांची क्लिपही टाकतोय, माझा आवाज येतो त्याच्या आधीपर्यंत. पारोळा, अमळनेर, धुळ्याकडच्या कुणाच्या आजीला पुढची ओळ येत असेल तर व्हॉइस नोट पाठवा.